कन्याकुमारीला निघणारे

पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ सायकलने कन्याकुमारीला निघणार असतो. तो अजून निघालेला नसतो, कारण सायकल ठरायची असते.

फ्रेम मात्र ठरली आहे. क्रोमोली स्टीलचीच. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण वाटेत तडकलं तर? स्टील कुठल्याही गावचा वेल्डिंगवाला सांधून देतो, हे तो इतक्यांदा सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी मोडायलाच निघालाय. टायर 26 इंची की 700 सी, याचा निकाल लागत नाही. गिअरचं तर विचारूच नका. पुढची सर्वांत लहान चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा लहान हवी. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक जेमतेम पाऊण फेरा फिरतं आणि वीस किलो सामानासकट खंबाटकी बसल्या बसल्या चढता येतो. जेवणाच्या टेबलाशी तो कित्येकदा चढून झाला आहे.

सायकल नसली तरी पॅनिअर आले आहेत; सवलत होती. ते मुलाच्या जुन्या सायकलच्या कॅरिअरला अडकवून भाराची चाचणी होते. भार म्हणजे दळण. डावीकडे गहू, उजवीकडे ज्वारी, दोन्ही काट्यावर तोलून सारखी. गिरणी गल्लीच्या टोकाला. पेडल मारताना टाच गव्हाला घासते आणि तो जागच्या जागी उतरून टेप काढतो. चेनस्टे आखूड! पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत 45 सेंटिमीटर तरी हवेत. झालं, यादीतल्या दोन सायकली बाद.

"अहो, मोजताय काय, पीठ संपलंय!" हे गॅलरीतून आलेलं मत तक्त्यात नोंदवलं जात नाही.

1923 साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतले आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा 1928 मध्ये ती पुरी करून परतले. हे कोणी ऐकवलं की तो हळहळतो. "त्यांचं बरं होतं हो. निवडायला फारसं काही नव्हतं."

परवा गिरणीपाशी दूधवाल्याची सायकल उभी होती. काळी, दांड्यांच्या ब्रेकची, दोन्ही अंगांना भरलेल्या किटल्या. सामान लादायचं तर मागच्या चाकाला 36 तारा हव्यातच, 32 चालायच्या नाहीत, असा याचा दंडक. सवयीने वाकून मोजल्या. चाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या.

"काय साहेब, तार तुटलीय का?" दूधवाल्याने विचारलं.

त्या रात्री 36 तारांच्या सगळ्या सायकली यादीतून गेल्या.