एल्फांची काळजी
टोल्किनने 1955 साली आपल्या कादंबरीला परिशिष्ट जोडून बजावलं : माझ्या एल्फांच्या भाषेत ‘सी’ हे अक्षर कायम ‘क’च. नसलेल्या लोकांच्या उच्चारांची केवढी ती काळजी! आमच्या वाईत अख्खा मराठी विश्वकोश घडला, पण असं परिशिष्ट कुणी मागत नाही. ‘वाईचा घाट’ म्हणताना च दातांशी, ‘वाईचे घाट’ म्हणताना तोच टाळूला. अक्षर एकच, खूण काही नाही. इथे जन्म तरी घ्यावा, नाहीतर हसं करून घ्यावं. नदी लिहायची कृष्णा, म्हणायची ‘क्रुश्णा’. इथल्या प्राज्ञपाठशाळेच्या नावातल्या ज्ञचा आम्ही ‘द्न्य’ करतो, हिंदीवाले ‘ग्य’, आणि दोन्ही बाजू एकमेकांना अशुद्ध ठरवतात. त्यातला ञ कुणाच्याच कानी पडत नाही.

2009च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत रीतसर घेतलं. बॅट-बॉलची सोय झाली. ऌ तर एकट्या ‘क्लृप्ती’च्या जिवावर स्वरांच्या पंगतीत पाट अडवून बसलाय. दातांशी बोलला जाणारा च मात्र अजून दाराबाहेर. त्याला नुक्ता द्या म्हणावं, तर तो पडला उर्दूचा. ॲवरची चंद्रकोर इंग्रजीसाठी आणलेली, ती चालते.