नंतर की मुळे?

आमचे साडू होमिओपॅथीचे डॉक्टर. दारावर पाटी नाही, गळ्यात स्टेथोस्कोप नाही, आणि इंटर्नशिप संपल्यापासून त्यांनी कुणाची नाडी धरलेली नाही. ऐरोलीतल्या एका काचेच्या इमारतीत बसून ते अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचतात आणि प्रत्येक दुखण्याला आकडा देतात. याला मेडिकल कोडिंग म्हणतात. असे बीएचएमएस, बी. फार्म आणि फिजिओथेरपिस्ट ठाणे-वाशी लोकलच्या कुठल्याही डब्यात सापडतील. बाकीची मंडळी क्रिकेटचा स्कोअर विचारत असताना जो माणूस शेजाऱ्याला "के पंच्याण्णव पॉइंट आठ एक" असं सांगतो आणि शेजारी गंभीरपणे मान डोलावतो, तो कोडर समजावा. दोन असतात म्हणा ते.

के ९५ हे साडूंचं कुलदैवत. वजन उतरवायला पोटाची शस्त्रक्रिया केली आणि पुढे काही बिनसलं, की त्या रुग्णाचा कागद या देवळात येतो. जठराच्या वरच्या अंगाला सिलिकॉनचा पट्टा आवळला असेल तर एक गाभारा. स्लीव्ह, बायपास वगैरे असेल तर दुसरा. दोन्हीकडे पुन्हा जंतुसंसर्गवाले वेगळे, बाकीचे वेगळे. झाले चार कोड.

"चार कोडांसाठी पगार देतात?" मी एकदा विचारलं. साडू मला गच्चीवर घेऊन गेले. खरा रुग्ण ते कधीच सांगत नाहीत, सगळं 'समजा'वर चालतं.

"समजा, एका बाईंची स्लीव्ह झाली. म्हणजे जठराचा ऐंशीएक टक्के भाग कापून काढला, उरलेली केळ्यासारखी नळी स्टेपल मारून बंद केली. तीन आठवड्यांनी बाई ताप आणि पोटदुखी घेऊन आल्या. स्कॅनमध्ये स्टेपलच्या रेषेलगत पू. सर्जन लिहितो, 'स्लीव्हनंतर तिसरा आठवडा. पोटात गळू.' सांगा, गळू कशामुळे झालं?"

"ऑपरेशनमुळे. आणखी कशामुळे?"

"नापास!" साडूंनी कठड्यावर थाप मारली. "त्यानं 'नंतर' लिहिलंय. 'मुळे' कुठं लिहिलंय?"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं आपण म्हणून मोकळे होतो. कोडरला ती सोय नाही. कावळा त्याला दिसतो, मोडलेली फांदीही दिसते. पण 'कावळ्यामुळे' हा शब्द डॉक्टरच्या हातचा हवा. 'कॉम्प्लिकेशन' असा शब्द लिहिलाच पाहिजे असं नाही, पण शस्त्रक्रियेचा आणि गळवाचा संबंध कागदावर दिसला पाहिजे. आणि नेमका तिथंच सर्जनचा हात आखडतो. एका कोडावर इस्पितळाचे पैसे ठरतात आणि त्याच कोडावर सर्जनच्या नावापुढे गुंतागुंत मांडली जाते. आपल्याच शिवणीमुळे पू झाला असं कोण हौसेनं लिहील? अमेरिका असली म्हणून काय झालं, माणसंच ती.

मग साडू क्वेरी टाकतात, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारतात. पण तिलाही सोवळं आहे. "गळू ऑपरेशनमुळेच ना?" असं विचारलं की संपलं, उत्तर तोंडात घातल्याचा दोष लागतो. पर्याय द्यायचे आणि शेवटी 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हे दोन ठेवायचेच. एका समजा-सर्जनने तीन पर्यायांच्या क्वेरीला नुसतं 'होय' असं उत्तर पाठवलं होतं. तो किस्सा सांगताना साडूंचा आवाज अजून कापतो.

हे सोवळं ते घरी घेऊन आले, ही आमच्या मेव्हणीची तक्रार. आमटी अळणी असली तरी ते तसं म्हणत नाहीत. "आमटीच्या चवीबाबत आपलं निरीक्षण : मीठ पुरेसं, मीठ कमी, इतर, सांगता येत नाही?" फायदाही आहे. अमेरिकेच्या नियमात बीएमआयचा आकडा नर्सनं लिहिला तरी चालतो, पण लठ्ठपणाचं निदान डॉक्टरचंच लागतं. आकडा ४७ दिसत असला तरी डॉक्टरनं लिहिल्याशिवाय कोडर कुणाला लठ्ठ म्हणत नाही. मेव्हणीनं एकदा आरशासमोर उभं राहून विचारलं, "मी जाड झालेय का हो?" साडू म्हणाले, "तसं कुठं नोंदलेलं नाही." या प्रश्नातून सुखरूप बाहेर पडलेला दुसरा नवरा माझ्या पाहण्यात नाही.

१ ऑक्टोबर हा त्यांचा पाडवा. त्या दिवशी नवे कोड लागू होतात. २०२४ च्या पाडव्याला लठ्ठपणाच्या तीन इयत्ता झाल्या, तेव्हा त्यांनी पेढे आणले होते. या पोथीत ७०,००० च्या आसपास कोड आहेत. बदकाची धडक बसली तर वेगळा कोड आहे. झेड ६३.१ म्हणजे सासरच्या माणसांशी न पटणं. हा कोड त्यांनी मला कानात सांगितला, कारण आमचं सासर एकच आहे.

तिथंच गेल्या अधिक महिन्यात आम्हा दोघांना धोंड्याचं जेवण होतं. सासूबाईंनी वाणाचे तेहतीस वेगळे काढले आणि बाकीचे जावयांच्या पानात वाढत गेल्या. पुरणाचा धोंडा, वर तुपाची धार. अकराव्यानंतर मी हात आडवा धरला. साडू मोजत नव्हते. आकडे मोजणं ऑफिसात. रात्री दोनला ते पोट धरून सोफ्यावर वळवळत होते.

"धोंड्यांमुळे," मी म्हणालो.

"नंतर," साडू कण्हत म्हणाले.

कोपऱ्यावरचे जुने डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला बसले. साडू कोपरावर उठले. "डॉक्टर, कशामुळे तेही लिहा."

"अहो, ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे."

"माहीत असून चालत नाही. धोंडे, इतर, सांगता येत नाही. यातलं एक."

डॉक्टरांनी पेन उचललं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. हातात स्टीलचा डबा होता, झाकणाच्या कडेनं तूप ओघळलेलं. "एवढ्या रात्री आलात, घरी घेऊन जा. पुरण काही बिघडलेलं नव्हतं ना हो, डॉक्टर?"

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि खाली मान घालून भराभर दोन ओळी खरडल्या. ते गेल्यावर साडूंनी चिठ्ठी उजेडात धरली.

'जेवणानंतर पोटदुखी.'