फूल तोड़ना मना है

ग्वाल्हेरच्या फूलबागेत पहाटे फिरायला येणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक हात हलवत चालणारे, दुसरे पिशवी हलवत. पिशवीपंथीयांच्या डोक्यावरच ‘फूल तोड़ना मना है’ असा फलक असतो. उंच फांदी वाकवताना त्याच्या खांबाला टेकता येतं. हा देखावा वर्षानुवर्षं पाहूनही, १९९४ साली मार्टाइन कोस्टर नावाच्या गृहस्थांनी इंटरनेटवर नेमका असाच जो फलक सुचवला, त्यावर मी विश्वास ठेवला.

आमच्या मराठी मंडळाचं संकेतस्थळ मी सांभाळतो, म्हणजे पासवर्ड फक्त मला आठवतो. रोजचे वाचक तीस-चाळीस. त्यातले निम्मे कार्यकारिणीतले, स्वतःचे फोटो बघायला येणारे. एका महिन्यात आकडा लाखावर गेला. अध्यक्षांनी नया बाजारातून लाडू मागवले. लाडू संपायच्या आत सर्व्हर बसला.

लॉग उघडला. रात्री तीन वाजता सिंगापूरहून कुणीतरी इसवी सन २९७० मधली संकष्टी बघत होतं. दोन सेकंदांनी त्याच्या पुढच्या महिन्यातली. आमच्या दिनदर्शिकेला ‘पुढील महिना’ असं बटण होतं. माणूस ते फार तर दिवाळीपर्यंत दाबतो. बॉटला, म्हणजे पानं आपोआप वाचत सुटणाऱ्या प्रोग्रामला, कंटाळा हा अवयवच नसतो. तो दाबत होता आणि आमचा म्हातारा सर्व्हर मुकाट्याने पंचांग मांडत होता.

मी कोस्टरांचा तो फलक, म्हणजे ‘रोबॉट्स.टीएक्सटी’ नावाची फाइल, लिहिली: दिनदर्शिकेत शिरू नये. गूगलसारखे घरंदाज पाहुणे वाचून मागे फिरले. या फलकाला २०२२ मध्ये रीतसर मानकाचा दर्जा मिळाला, पण हे नियम म्हणजे प्रवेशाचं कुलूप नव्हे, हे त्या मानकातच लिहून ठेवलंय. फूलबागेतल्या गोपाळ मंदिरात जन्माष्टमीला राधाकृष्णांना संस्थानकाळचे दागिने घालतात, तेव्हा बँकेच्या लॉकरपासून पोलीस असतात. ‘गहनों को हाथ न लगाएँ’ एवढी पाटी लावून कुणी घरी जात नाही. ग्वाल्हेरात जन्मून मला हे सुचू नये!

मग नावं बघून अडवायला लागलो. खरं नाव सांगेल त्याला दारातच ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’. दुसऱ्या दिवशी मंडळी क्रोम ब्राउझरचा सदरा घालून हजर. शेवटी सापळा लावला. माणसाला न दिसणारा एक दुवा पानात दडवला, फलकावर ‘इथे जाऊ नये’ असं लिहिलं; जो जाईल त्याचा आयपी पत्ता कायमचा बंद. रात्रीत चारशे सापडले. मला मिशी नाही, तरी पीळ दिला.

दुपारी मंडळातल्या काकूंचा फोन. “अरे, हळदीकुंकू चार वाजून तीन मिनिटांनी का ठेवलंय? मुहूर्त आहे का काही?”

मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे शेकडो फोन बसवतात. त्यातल्या एखाद्या फोनमधून बॉट ये-जा करत असला की त्याच्याबरोबर सगळी आळी बाहेर, आणि सगळ्यांच्या पडद्यावर ४०३. त्या दिवशी बायका बरोबर चार-तीनला आल्या. मंडळाच्या इतिहासात कार्यक्रम प्रथमच वेळेवर सुरू झाला, त्यामुळे मला कुणी रागावलं नाही.

रात्री मी सापळा काढला आणि ‘पुढील महिना’ हे बटणही. आता पंचांग फाल्गुनात संपतं.

सकाळी फूलबागेत काकू भेटल्या. फलकाखालीच, फांदी गदागदा हलवत.

“काकू, फलक!”

“वाचलाय रे,” त्या वाकून पिशवी भरत म्हणाल्या, “मी तोडते कुठे? पडलेली वेचतेय.”