सल्लागार आले, चहा टाका

एमबीएच्या उद्योजकता शाखेत हल्ली एक विषय असा असतो, ज्याचा पेपर नसतो. त्याला लाइव्ह प्रोजेक्ट म्हणतात. पाच-सहा मुलांचा गट करायचा, एक खराखुरा छोटा उद्योग गाठायचा आणि सत्र संपेपर्यंत त्याला सल्ला द्यायचा. उद्योगाच्या मालकाला म्हणायचं क्लायंट. हा क्लायंट फी देत नाही, चहा देतो. मुलं त्या बदल्यात सीव्हीवर एक ओळ घेऊन जातात. धंदा करायला शिकण्यासाठी फी भरलेली मुलं पहिल्याच वर्षी काय शिकतात, तर धंदा करणाऱ्याला सांगायचं काय. पुढे त्यांतली बरीचशी सल्लागार कंपन्यांत लागतात, यात नवल ते काय?

युक्ती मूळची अमेरिकन, आणि तिचा उगम मोठा व्यवहारी आहे. १९७२ साली तिथल्या सरकारच्या लघुउद्योग खात्याने विद्यापीठांना हाताशी धरून एक योजना काढली. विद्यार्थ्यांनी छोट्या धंद्यांना सल्ला द्यायचा, त्यातही सरकारी मदतीने कर्ज घेतलेल्यांना, आणि दर केसमागे सरकारने कॉलेजला थोडे पैसे द्यायचे. म्हणजे कर्ज देऊन झालं, आता ते बुडू नये म्हणून पोरं पाठवा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरकारचा पैसा आटला, पण पोरं पाठवायची सवय राहिली. मिशिगन विद्यापीठात १९९२ पासून एमबीएची मुलं पहिल्याच वर्षी सात आठवडे कंपन्यांत जाऊन बसतात. केस स्टडीच्या गढीतून बाहेर पडायला हार्वर्डला मात्र २०११ उजाडलं. मग एकदम नऊशेच्या आसपास मुलं विमानांत बसवून देशोदेशी धाडली. मोठ्यांचं सगळंच मोठं.

आपल्याकडे विमान लागत नाही, भोसरीची बस पुरते. तिथे एमआयडीसीत कुठल्याही गल्लीत सीएनसी मशिनवर जॉबवर्क करणारं एक शेड सापडतंच. मालक सकाळी सातला येतो, टर्नर आला नाही तर स्वतः मशिनवर उभा राहतो. साडेदहाला मुलं येतात. पहिल्या दिवशी स्वॉट. बलस्थान: मालकाचा वीस वर्षांचा अनुभव. उणीव: सगळा धंदा मालकाच्या अनुभवावर अवलंबून. हे ऐकायला मालकाने दोन तास मशिन बंद ठेवलेलं असतं.

शेवटी चाळीस स्लाइड. इन्स्टाग्रामवर पेज काढा. ईआरपी बसवा. ब्रँड घडवा. मालकाचा माल म्हणजे पंपाच्या पोटात बसणारं बोटभर बुश. ते कुणाला दिसलं तर पंप बिघडला असं समजायचं. त्याचं रील कुणी बघावं?

आणि मालकाचं खरं दुखणं? बिलं. माल गेला, चलनावर सही झाली, पैसे नव्वद दिवसांनी. कायदा पूर्ण मालकाच्या बाजूने आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो की लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. २०२४ पासून प्राप्तिकरातही पाचर मारली आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर पैसे देईपर्यंत मोठ्या कंपनीला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. इतकं सगळं असून मालक तक्रार करत नाही. कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते. कायदा सरकारी पोर्टलवर राहतो, मालकाला भोसरीत राहायचं असतं.

यावर स्लाइड करून दाखवा.

नाही, चांगले गटही असतात, आणि ते ओळखू येतात. ते सल्ला देत नाहीत, आधी वह्या मागतात. कुणाकडे किती बिलं किती दिवस पडून आहेत, ते पार्टीवार मांडतात. त्यावर कॅश क्रेडिटचं व्याज चढवतात, रिजेक्शन वजा करतात, तातडीच्या ऑर्डरसाठी मोडलेले सेटअप मोजतात. मग एका पानावर दिसतं की ज्या बड्या गिऱ्हाइकाचं नाव मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, त्याच्याच कामात तो पदरचे पैसे घालतोय. मालकाला याचा वास होताच. कागदावर कुणी मांडून दिलं नव्हतं, एवढंच. हे काम बाहेरच्या, रिकाम्या वेळेच्या आणि मालकाला न घाबरणाऱ्या माणसानेच करावं, आणि विद्यार्थ्याइतका रिकामा आणि निर्भय माणूस शोधूनही मिळायचा नाही. अडचण पुढे आहे. ते एक पान कॉलेजात दाखवलं की परीक्षक विचारतात, ‘मेथडॉलॉजी कुठाय? फ्रेमवर्क कोणतं वापरलं?’ एका पानाला बी, चाळीस स्लाइडना ए.

मार्क देणाऱ्याने शेड पाहिलेलं नसतं आणि शेडवाल्याच्या हातात मार्क नसतात, हा खरा घोळ. तेव्हा एक फुकटचा सल्ला माझाही घ्या. निम्मे मार्क सहा महिने राखून ठेवा. मग प्राध्यापकांनी मालकाला फोन करून एवढंच विचारावं, ‘मुलांनी सांगितलेलं काही केलंत का?’ मालक म्हणाला, ‘कुठली मुलं?’ तर शून्य.

निकाल सहा महिने अडकवायचा म्हणजे फारच झालं, असं कॉलेज म्हणणार. मुलं रोज ऑफिसात चकरा मारतील, क्लार्क म्हणेल साहेब मीटिंगमध्ये आहेत, पुढच्या आठवड्यात बघा. मारू देत. उद्योजकतेच्या अभ्यासक्रमात वसुलीवर दुसरं प्रकरण नाहीच आहे.