संयोजक

रत्नागिरीत तुम्ही एखादी कविता केलीत आणि ती दोघांना ऐकवलीत, की दुसऱ्या दिवशी संयोजकांचा फोन ठरलेला. "तुम्ही लिहिता म्हणे! प्रातिनिधिक संग्रह काढतोय. दोन पानं ठेवलीयत तुमच्यासाठी."

संयोजक बहुधा बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेले. खांद्याला शबनम, तिच्यात पावतीपुस्तक. पूर्वी एकदा त्यांनी पदरमोड करून स्वतःचा संग्रह काढलेला असतो आणि त्याचे गठ्ठे माळ्यावर असतात. त्या माळ्याकडे बघतानाच त्यांना शोध लागला : एकट्याचं पुस्तक एकट्याचे नातेवाईक घेतात, 35 जणांचं 35 जणांचे घेतील. प्रत्येकाने 10 प्रती उचलल्या की 350 तिथेच खपल्या. ही छापील भिशीच. फक्त नंबर सगळ्यांचा एकदम लागतो.

कोणी नाक मुरडलं तर उत्तर तयार. "केशवसुत आपल्या मालगुंडचे. 1905 साली गेले. पुस्तक कधी निघालं? 1917 ला, तेही हरिभाऊ आपट्यांनी मनावर घेतलं म्हणून. का? संयोजक नव्हता!" केशवसुतांच्या कविता जळगावच्या 'काव्यरत्नावली'त येत असत, असं सांगून बघा. "तेच म्हणतोय मी! मासिक फडणिसांचं, कविता सगळ्यांच्या."

मग रविकिरण मंडळ. 1923 साली त्यांनी 'किरण' काढला तो एकत्रच, माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश यांच्यासारख्यांना जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्याला का वाटावं? मुद्दा बिनतोड. फक्त ती मंडळी दर रविवारी जमून एकमेकांच्या कविता ऐकत आणि पुढे यशवंत-गिरीश गावोगाव गाऊन दाखवत. आपले 35 जण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असतात. तिथे चाळीस ओळींची कविता पडते आणि चौथ्या सेकंदाला "अप्रतिम!" येतं. एवढा वेगवान वाचक रविकिरण मंडळालाही लाभला नसेल.

प्रकाशन समारंभात हॉल भरतो, कारण कवी एकटा येत नाही. सासू, मेहुणा आणि व्हिडिओ काढायला भाचा असा लवाजमा असतो. वाचन अकारविल्हे. आडनावाने की नावाने, यावर दोन बैठका झालेल्या असतात. आपल्या माणसाची कविता झाली की ते घर उठतं, बटाटेवडा घेतं आणि जातं. शेवटच्या कवीची कविता अध्यक्ष, संयोजक आणि माईकवाला ऐकतात. माईकवाल्याला वायर गुंडाळायची असते. पुढे एक प्रत नगर वाचनालयाला भेट जाते. 1828 पासूनच्या त्या कपाटांत कविता अमर झाली, असं संयोजक मानतात. बाकीच्या प्रती घराघरात. यजमानांना कुठलीही प्रत काढायला सांगा, ती आपोआप त्यांच्याच पानावर उघडते.

सगळी पानं वाचलेला माणूस एकच, संयोजक. मुद्रितं तोच तपासतो ना! परिचय चार ओळींत मागितला की दीड पान येतं, ते तोच कापतो. एकदा मी त्यांना फोनवर ऐकलं : "काकू, समुद्राची गाज अठरा जणांकडे आहे हो. केवडापण संपला. पाऊस थोडा शिल्लक आहे, तो घेता काय?" काकूंनी पाऊस घेतला. कविता खरंच बरी झाली. मराठीतल्या किती संपादकांनी कवीला असं वेळेवर सावरलं असेल, मला शंका आहे.

आपल्याशिवाय सगळं कोणीच वाचत नाही, हे त्यांनाही कळलेलं असावं, कारण यंदा संग्रह नाही, साखळी कादंबरी आहे. लंडनच्या डिटेक्शन क्लबवाल्यांनी 1931 साली 'द फ्लोटिंग ॲडमिरल' अशीच काढली होती, ॲगाथा ख्रिस्तीचंही एक प्रकरण होतं त्यात, हे त्यांनी कुठूनसं शोधलंय. "आता बघा. पुढचं लिहायचं तर मागचं वाचावंच लागेल. झक मारत वाचतील!"

तिसऱ्या प्रकरणात नायक भाट्याच्या खाडीत बुडून मेला. चौथ्यात त्याचं थाटात लग्न लागलं. पाचवं माझ्याकडे आलंय.

"त्याला जिवंत ठेवा," संयोजक म्हणाले. "चौथंवाल्या बाईंनी वीस प्रती सांगितल्यात."