माळ्यावरची बँक

नवीन पनवेलात, खांदा कॉलनीत, कामोठ्यात, थोडक्यात जिथे दोन बीएचकेला बऱ्यापैकी माळा मिळतो अशा प्रत्येक ठिकाणी हा गृहस्थ सापडतो. वय पस्तीस ते पन्नास. नोकरी ऐरोलीला नाहीतर महापेला, कॉम्प्युटरची. रविवारी अंगात नारिंगी टी-शर्ट. पाकिटात रोख नसते, बोलण्यात मात्र जगभरच्या नोटांचं अवमूल्यन असतं. त्याच्या बिटकॉइनच्या चाव्या म्हणजे चोवीस इंग्रजी शब्द असतात. ते त्याने स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेतलेले असतात, म्हणजे घराला आग लागली तरी जळू नयेत. ती पट्टी कुठे ठेवली आहे हे तो बायकोलाही सांगत नाही. मागच्या दिवाळीच्या साफसफाईनंतर ते त्यालाही नक्की सांगता येत नाही.

आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला सगळे नोडकर म्हणतात. त्याचं खरं आडनाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे.

नोड म्हणजे काय, हे त्याने मला लिफ्टमध्ये, जिन्यात आणि एकदा तर वडाळे तलावाच्या काठी, भेळ हातात असताना समजावलं आहे. बिटकॉइनच्या जमाखर्चाची एकच जाहीर वही आहे. ती ३ जानेवारी २००९ ला सुरू झाली. सरासरी दर दहा मिनिटांनी तिला एक पान जोडलं जातं, आणि आता ती ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. ही अख्खी वही ज्याच्या घरी आहे आणि येणारं प्रत्येक पान जो स्वतः तपासून घेतो, त्याचा तो नोड. नोडकरची वही रास्पबेरी पाय नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या कॉम्प्युटरवर आहे. शेजारी केबलने जोडलेली एसएसडी. मुक्काम माळ्यावर, गणपतीचं मखर आणि चाक तुटलेली बॅग यांच्या मधोमध.

त्याच्या आईने, म्हणजे सोसायटीच्या आजींनी, पहिल्याच दिवशी मुद्द्याचं विचारलं होतं.

"यातून मिळतं काय रे?"

"मिळत काही नाही आई. मिळतं ते मायनिंगवाल्यांना. पान जोडलं की ३.१२५ बिटकॉइन."

"आणि आपण?"

"आपण तपासतो."

"फुकट?"

"फुकट."

"तुझ्या वडिलांना तपासायचा पगार होता," आजी म्हणाल्या. नोडकरचे वडील एसटीत तिकीट तपासनीस होते.

सेक्रेटरींचा गैरसमज वेगळाच. हा माणूस घरात नोटा पाडतो आणि जिन्यातली वीज वापरतो, असं त्यांनी मीटिंगमध्ये सुचवून पाहिलं. नोडकर तयारीनिशी आला होता. बँकांना क्रिप्टोपासून लांब ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक, ते रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० चा निकाल, २०२२ च्या बजेटमधला नफ्यावरचा ३० टक्के कर, सगळं त्याने तारखांसह मांडलं. मशीन एका एलईडी बल्बाइतकी वीज खातं हेही सांगितलं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या, कारण चहा आला होता.

या मंडळींचे दोन मंत्र आहेत. एक, विश्वास ठेवू नका, तपासा. दुसरा, स्वतःची बँक स्वतः व्हा. दुसरा मंत्र पनवेलात पटकन रुजतो, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच होतं. ज्यांचे पैसे त्याच्या वर होते त्यांनी काय करायचं, हा प्रश्न गावात बरेच दिवस हिंडत होता. नोडकरचा त्या बँकेत एक रुपयाही नव्हता. त्यामुळे या विषयावर तो कितीही वेळ शांतपणे बोलू शकतो.

पण बँक व्हायचं म्हणजे नुसतं मॅनेजर होऊन भागत नाही. वॉचमन आपण, शिपाई आपण, वायरमन आपण, आणि 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' म्हणणारा काउंटरवरचा माणूसही आपणच. फक्त त्याच्यावर ओरडायची सोय राहत नाही.

हे कळलं तो प्रसंग जुलैतला. पनवेलचा पाऊस लागला की गाढी नदीपासून गल्लीतल्या गटारापर्यंत सगळ्यांना सारखाच ऊत येतो. दुपारी वीज गेली, आली, परत गेली, आणि येऊ की नको करत शेवटी एकदाची आली. संध्याकाळी नोडकर भिजून घरी पोचला आणि टॉवेलच्या आधी त्याने फोन हातात घेतला. ॲपमधलं चाक फिरत होतं. त्याने ब्राउझरमध्ये नोडचा घरातला पत्ता, अम्ब्रेल डॉट लोकल, टाकला. पान उघडेना. परत टाकलं. इन्कॉग्निटो खिडकीत टाकलं. बायकोच्या फोनवर टाकलं. मग आमची बेल वाजली.

"काका, तुमच्या फोनवर जरा बघू?"

माझा फोन आमच्या वायफायवर. त्याच्या घरातला पत्ता त्यावर उघडणं शक्यच नव्हतं. हे मला त्यानेच सांगितलं, पत्ता टाइप करता करता.

मला स्टूल धरायला नेलं गेलं. वरून त्याचा आवाज येत होता. लाल दिवा आहे. हिरवा लुकलुकतोय. म्हणजे जिवंत आहे, बोलत नाही. बंद पडलेलं मशीन परवडतं, निदान दुकानात नेता येतं. हे चालू होतं आणि उत्तर देत नव्हतं. संशयितांची यादी वरूनच जाहीर झाली. इंटरनेट कंपनीने काहीतरी अडवलंय. सरकारने टॉर बंद केलंय. परदेशातून हल्ला झालाय. शेवटी, जरा आवाज खाली आणून, "भांडीवाल्या मावशींनी आज माळ्याकडे हात लावला होता का?" मावशी पावसामुळे आल्याच नव्हत्या.

"बंद करून चालू कर ना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

तेवढं सोडून काहीही, असा नोडकरचा चेहरा झाला. तसा तो अगदीच चुकीचा नव्हता. वही लिहिता लिहिता वीज काढली तर पान अर्धवट राहतं आणि पुढची बेरीज बिघडते. शिवाय नोडवर त्याचे लाइटनिंगचे तीन चॅनल होते. लाइटनिंग म्हणजे छोट्या रकमा झटपट पाठवायची सोय. दोघांनी मिळून रक्कम अडकवून ठेवायची आणि आपापसातला हिशेब वहीत न चढवता चालवायचा. यातली मेख अशी, की बिघाडानंतर तुम्ही चुकून जुन्या बॅकअपमधला शिळा हिशेब पुढे केलात तर समोरच्याचं मशीन तुम्हाला लबाड समजतं आणि चॅनलमधली सगळी रक्कम दंड म्हणून घेऊन जातं. तिथे अर्ज-विनंती चालत नाही. एवढी जोखीम घेऊन नोडकरने आजवर जी दलाली कमावली होती, तिचे सध्याच्या भावाने दोन वडापाव आले असते. दुसऱ्याला चटणी मिळाली नसती.

मग लॅपटॉप आला. काळ्या पडद्यावर नोडकरने लॉगिन टाकलं. नकार. परत टाकलं. परत नकार. अर्ध्या तासाने राऊटरचं पान उघडल्यावर उलगडा झाला. वीज गेल्या-आल्यावर राऊटरने घरातल्या सगळ्या उपकरणांना नवे नंबर वाटले होते. नोडचा ७ नंबर आजींच्या टीव्हीला मिळाला होता आणि नोड १२ वर बसला होता. इतका वेळ नोडकर टीव्हीला पासवर्ड देत होता. आजींची मालिका मध्येच का अडकतेय, हे कोडं मात्र तसंच राहिलं. माझ्या मते त्याचा याच्याशी संबंध नाही, पण आजी ऐकत नाहीत.

१२ नंबरवर दार उघडलं, पण एक ओळ दिसायची आणि पडदा गोठायचा. आता टेलिग्रामच्या ग्रुपवर प्रश्न गेला. जर्मनीतून कोणीतरी उत्तर दिलं. नाव नाही, फोटोच्या जागी मांजर. त्याने एक लांबलचक कमांड पाठवली, सुरुवातच सुडोने, म्हणजे मशीनचे सर्वाधिकार देऊन. विश्वास ठेवू नका, तपासा, असं लिहिलेला मग नोडकरच्या हाताशी होता. त्याने कमांड उचलली, चिकटवली आणि एंटर दाबलं.

"हा कोण?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण अनुभवी दिसतोय."

मांजर खरोखर अनुभवी निघालं. पडद्यावर लॉग सरकू लागला आणि त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड. मशीनला पुरेशी वीज मिळत नव्हती. नोडकर स्टुलावर चढला, त्याने चार्जर उपसून हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. हा चार्जर त्याचा नव्हताच. पायबरोबर आलेला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पांढरा चार्जर गायब होता. त्याच्या जागी फोनबरोबर फुकट मिळालेला, २ अँपिअरचा काळा. तेवढ्यावर पाय कसाबसा चालतो. एसएसडीही त्याच्याच यूएसबीवर पोसायची म्हटल्यावर दोघांची उपासमार.

पांढरा चार्जर आजींच्या उशाशी होता. त्याला आजींचा नवा फोन लावलेला, ८४ टक्के.

"तुझ्या त्या डबीला कुठे बोलायचं असतं कोणाशी?" आजी म्हणाल्या. "माझा याने लवकर भरतो. दुपारी लाइट गेली होती तेव्हा बदलला. रिकामा नाही ठेवला हो, माझा लावलाय तिथे."

चार्जर परत आला. नोड उठला, आणि उठल्या उठल्या त्याने कळवलं की वही फाटली आहे, पहिल्या पानापासून सगळा हिशेब पुन्हा लावायला लागेल. पायसारख्या मशीनवर हे काम दिवसचे दिवस चालतं. त्यात एक सवलत असते. जुन्या काळातल्या सह्या आधीच हजारो लोकांनी तपासल्या आहेत, तेव्हा त्या खऱ्या धरून पुढे जा, असा मूळ प्रोग्रामचा रिवाज आहे. नोडकरने ती सवलत बंद करून ठेवली होती. हजारो लोक म्हणजे परकेच की.

पुढचे दिवस त्या घरात बाळंतीण असल्यासारखे गेले. माळ्याखालून कोणी मोठ्याने बोलेना. मिक्सर लावायचा तर आधी विचारायचं. टेबलफॅन माळ्यावर गेला, माणसं घामाघूम. रोज सकाळी नोडकर दूध घ्यायला उतरताना टक्के सांगायचा. एकदा म्हणाला, "काका, २०१० पार झालं." २२ मे २०१० ला फ्लोरिडात एकाने १०,००० बिटकॉइन मोजून दोन पिझ्झे घेतले होते, तो व्यवहार बरोबर होता याची पनवेलच्या माळ्यावर पुन्हा एकदा खात्री झाली होती. तो मनापासून खूश होता. मीही अभिनंदन केलं. पिझ्झेवाल्याचं काही अडलं नसतं, हे बोललो नाही.

एवढे हाल बघून मी एक सुचवलं. पनवेलच्या वेशीवरच योट्टाचं एनएम१ डेटा सेंटर आहे. जुलै २०२० पासून चालू, ७,२०० रॅकची सोय, टिअर ४ दर्जा, म्हणजे कुठलाही एक भाग बसला तरी काम थांबत नाही अशी रचना. तिथे एखादा कोपरा भाड्याने घे म्हटलं.

"काका," नोडकर दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "मग त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागेल."

तेव्हा माळ्यावरच्या एक्स्टेंशन बोर्डात नोड, राऊटर, टेबलफॅन आणि मखराच्या दिव्यांची माळ असे चार प्लग होते, आणि पांढऱ्या चार्जरवर आजींनी आपलं नाव लिहायला सुरुवात केली होती.

वही शंभर टक्के झाली त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन आमच्याकडे आला. बसला. आमच्या माळ्याकडे एकदा नजर टाकली.

"एक विचार चाललाय, काका. दुसरा नोड घेतोय, बॅकअपला. दोन्ही एकाच घरात ठेवण्यात अर्थ नाही. तर तुमच्या माळ्यावर जर..."

मी काही बोलायच्या आत आमच्या हिने विचारलं, "चार्जरची पिन कुठली आहे रे त्याची?"

"टाइप-सी, काकू. ३ अँपिअरचा."

"मग ठेव की," ही म्हणाली.