काकडीचं पाणी

मराठी घरात लोणचं म्हणजे वर्षाची बेगमी. कैऱ्या आणा, पुसा, फोडी करा, बरणीला दादरा बांधा आणि मुरायची वाट बघा. दुसऱ्या टोकाला कोशिंबीर. तिला मीठ पानं वाढताना घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. या दोहोंच्या मधली, सकाळी मीठ लावून रात्री खायची काकडी मात्र आपल्याकडे पोरकीच राहिली.

खमंग काकडी त्यातल्या त्यात जवळची. चोचवलेल्या काकडीला मीठ चोळायचं, घटकाभरानं मुठीत घेऊन पिळायची, मग दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची. काकडीत 95 टक्के पाणीच असतं आणि मीठ ते बाहेर ओढतं, त्यामुळे बघता बघता वाटीभर पाणी जमतं. त्याचं करायचं काय, यावर माझ्या साताऱ्याच्या माहेराचं आणि सांगलीच्या सासरचं पटत नाही. माहेरी त्यात थालीपीठ भिजवतात, सासरी ते सरळ मोरीत जातं. कृष्णा दोन्ही गावांची. पण साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा येऊन मिळते तेव्हा ती तशी आटोपशीर असते, सांगलीला पोचेपर्यंत वाटेत कऱ्हाडला कोयनाही पोटात घेते. 2005 आणि 2019 ला ज्यांनी घरात शिरलेलं पाणी बादल्यांनी उपसलं, त्यांना काकडीच्या वाटीभर पाण्याचं काय अप्रूप, असा माझा एक अशास्त्रीय सिद्धांत आहे.

टोक कापून त्यानंच काकडी घासायची, पांढरा फेस आला की कडूपणा गेला, यावर मात्र दोन्ही घरं ठाम. कडूपणा बहुतेक देठाकडेच असतो, म्हणजे टोक कापलं की निम्मं काम झालेलंच असतं. तरी मीही घासते. फेस बघितल्याशिवाय विळीवरून उठवत नाही.

ही मधली काकडी रशियात उन्हाळ्यात घरोघरी होते. लिटरभर पाण्यात 40 ते 50 ग्रॅम मीठ, ठेचलेला लसूण, मिरी, शेपूचे तुरे, आणि कुरकुरीतपणा टिकावा म्हणून चेरीची, ओकची किंवा द्राक्षाची पानं. पानांतला तुरटपणा काकडीला मऊ पडू देत नाही. काकड्या पाण्याखाली बुडलेल्या राहिल्या पाहिजेत, एवढंच पथ्य. एक-दोन दिवसांत तयार.

हे कळलं तेव्हा मी चकितच झाले. यातलं काय नाही सांगलीत? शेपू मंडईत ढिगानं असतो, आणि निम्मी घरं त्याच्या वासानंच नाक मुरडतात. द्राक्षाची पानं तर काय, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तासगावच्या बागांत पाल्याचा खच पडतो. पण तो पाला औषधांच्या फवारण्या सोसलेला, त्याला हात लावायचा नाही. ओळखीच्यांच्या अंगणातल्या, फवारा न बघितलेल्या मांडवावरची चार पानं मागून आणली. शेजारी म्हणाल्या, “पानं कशाला? द्राक्षं न्या की!”

रशियातले दोन दिवस सांगलीच्या एप्रिलमध्ये चालत नाहीत. पारा चाळिशीला टेकलेला. सकाळी भरलेली बरणी रात्री गढूळ व्हायला लागते, बुडबुडे धरते. बिघडली नाही, आंबायला लागली. तेव्हाच फ्रीजमध्ये सारायची, की चव खारट आणि आंबट यांच्या मधोमध थांबते. काकडी दाताखाली कटकन मोडते, लसूण मागाहून येतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर तर काय लागते! आणि ते बरणीतलं पाणी ताकात दोन चमचे घालून बघावं. सातारा जिंकलाच म्हणायचा.

सासूबाईंनी फोड उचलून उजेडात धरली. “असं पाण्यात पोहणारं लोणचं असतं होय गं?” खाल्ली मात्र. दुसरी खाल्ली. तिसरी खाताना म्हणाल्या, शेपू कळत नाही, बरं झालं. मग उठून त्यांनी कढल्यात तेल तापवलं, मोहरी, हिंग, आमची सांगलीची हळद घातली आणि चर्र करून फोडणी बरणीत ओतली. दाण्याचं कूटही घालणार होत्या, तेवढं मी अडवलं.